धडधडीची सुई आन् गिळलेला मासा

सुई अजून कोपराच्या घडीतच व्हती आन् माज्या छातीत शिट्टी वाजली.

पयल्यांदा लई बारीक वाजली. दाराच्या फटीतनं वारं शिरलं की वाजतं, तशी. मला वाटलं भाईर कुटंतरी वाजतंय. दुसऱ्या श्वासाला कळलं, आतनंच येतंय. शिट्टी माज्या वळकीची व्हती. लहान व्हते तवा ती माज्या उशालाच आसायची म्हना की. पर ती गेली व्हती. गेली आसं समद्यांनी सांगितलं व्हतं.

छाती आवळत आली. आत घेतलेला वारा भाईर जाईना. आन् काळीज तर सकाळधरनं पळतच व्हतं, मागावरल्या धोट्यावानी, हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं, थांबायचं नावच न्हाय. डाक्टरांचा एक हात माज्या मनगटावर व्हता. डोळं मशिनीतनं निगनाऱ्या कागदाच्या पट्टीवर. सुईवरला आंगठा इतका हळू चालला व्हता की मगाशी मला वाटलं व्हतं, ह्येनला सुई द्यायला जमंना का काय.

शिट्टी त्येंनी बी ऐकली. आंगठा थांबला. सुईत अजून लई औषध ऱ्हायलं व्हतं, तसंच भाईर काडलं. कानात नळ्या घालून माज्या पाठीला लावल्या, हितं, तितं, खाली, वर. मग माज्याकडं न बगता दाराकडं बगितलं.

दाराशी दोगी उब्या व्हत्या. एक आत्याबाई, म्हंजी माजी सासू. दुसरी माजी आई, तिच्या कडंवर माजी तान्ही पोरगी. पोरगी भुकेनं रडत व्हती. आईनं पदराचं टोक दातात धरलं व्हतं.

डाक्टरांनी इचारलं, "खरं सांगा. हिला दमा होता का?"

ही पाळी कशी आली ते सांगते, न्हायतर तुमास्नी वाटंल डाक्टर चुकला.

आमी विनकरांच्या गल्लीत ऱ्हायाचो. माजं मालक, म्हंजी नवरा, चादरीच्या मागावर कामाला. आत्याबाई आन् मी घरात इड्या वळायचो. तेंदूची पानं रातची भिजवायची, सकाळी कापायची, मग सुपलीत तंबाकू घेऊन बसायचं. पान, चिमूट, वळ, दोरा. तंबाकूचा बारीक भुगा उडायचा. मला ठसका लागायचा. आत्याबाई म्हनायच्या, नवीन हाय, हुईल सवय. मी बी म्हनायचे, हुईल.

बाळंत झाल्यावर मला निराळंच काय तरी व्हायला लागलं. बसल्याजागी काळीज पळायला लागायचं आन् मग आपनहून थांबायचं. आत्याबाई म्हनल्या अशक्तपना हाय. डिंकाचं लाडू दिलं, हळिवाची खीर दिली. मी खाल्ली. पळायचं ते पळतच व्हतं, पर थांबत व्हतं, म्हनून कोनी डाक्टरचं नाव काडलं न्हाय.

त्या दिशी थांबलं न्हाय. सुपली मांडीवर, हातात अर्दी वळलेली इडी, आन् ह्ये सुरू झालं. सैपाकपानी झालं, दुपारचं ऊन आंगनात आलं, तरी चालूच. डोळ्याम्होरं काळं आलं. मालकांना मागावरनं बलावून आनलं. त्येंनी मला उचलून टांग्यात घातलं. माजं माहेर दोन गल्ल्या सोडूनच, म्हनून आई बी पळत आली.

दवाखान्यातलं डाक्टर नवीन व्हते, पुन्याकडचे. तरनेच. त्येंनी आदी सुई न्हाय दिली. पळनं थांबतं का बगायला गळ्याच्या कडंला जबड्याखाली दोन बोटं दाबून धरली. मग मालकांना बर्फ आनायला धाडलं आन् घमेल्यातल्या गार पान्यात माजं तोंड बुडवलं. आत्याबाई म्हनल्या, पोरीला बुडवून मारतुया का ह्यो. काळीज पळायचं थांबंना. मग ते म्हनले, आता सुईच द्यावी लागंल. ह्या सुईनं धडधड बी उतरती आन् रक्ताचा जोर बी उतरतो.

पर सुई भरायच्या आदी त्येंनी लई इचारलं. रक्ताचा जोर दंडाला पट्टा बांदून मोजला. नाडी कदी हळू पडती का, चक्कर येऊन पडले व्हते का, आदी काळजाचं काय दुखनं व्हतं का. आन् मग, "दमा? लहानपणी धाप, छातीत शिट्टी? काही?"

आमच्यात सुनंचं दुखनं सासूनं सांगायचं आसतंय. सून खाटंवर आसली तरी. आत्याबाई म्हनल्या, "न्हाय वो. तसलं काय न्हाय हिला."

डाक्टरांनी माज्याकडं बगितलं. मी मान हलवली. न्हाय.

आता ह्येला तुमी खोटं म्हनाल. मला ते खोटं वाटलं नव्हतं. त्येचं कारन मासा.

माजा बाप तेलुगू लोकांच्या चाळीत ऱ्हायाचा. लहानपनी मला दमा लागायचा. लागला की आई मला उबं धरून भितीला टेकवायची आन् शेजारची अम्मा पाठ चोळायची. तीच अम्मा म्हनली, मृग लागला की हैदराबादला चला, तितं जित्या माशातनं औषीद देत्यात. एकापाटी एक तीन साल गिळायचं, मग दमा जातो. बापानं तीन्ही साल नेलं. रेल्वेत बसायला मिळायचं म्हनून मला लई आनंद वाटायचा. मासा मातर मला अजून आठवतोय. बोटाएवढा. तोंडात पिवळं औषीद, शेपूट हलतीया. एकानं माजं नाक धरलं, दुसऱ्यानं मासा घशात सोडला. जाताना तो पार खालपतूर वळवळला. मी रडले तर बाप म्हनला, रडू नगं, त्यो आत जाऊन साफसफाई करतुया.

तिसऱ्या सालानंतर अम्मानं एक सांगितलं. आता ह्या रोगाचं नाव घरात घ्यायचं न्हाय. नाव घेतलं की त्यो परत येतो. तवापासनं आमच्या घरात त्यो शब्द कोनी काडला न्हाय. सर्दीला सर्दी म्हनायचं, ठसक्याला ठसका. मी वयात येईपतूर शिट्टी बी वाजायची थांबली. सोयरीक ठरली तवा कोनी इचारलं न्हाय आन् आमी सांगितलं न्हाय. नसलेलं काय सांगायचं?

आनि एक गोष्ट व्हती. सासरच्या गल्लीत एका सुनंला सारका खोकला यायचा. तिला हवापालटाला म्हनून माहेरी धाडली. तिचं भांडं-कुंडं मागनं गेलं. ती परत आलीच न्हाय. लेकरू मातर त्येंनी ठिवून घेतलं. आई ते मला एकदाच बोलली व्हती, पर बोलताना तिनं माजा हात धरला व्हता.

तर शिट्टी ऐकल्यावर डाक्टरांनी दुसऱ्यांदा इचारलं, दमा व्हता का. आत्याबाईंना राग आला. त्या म्हनल्या, "न्हाय म्हनलं की वो आमी. किती येळा सांगायचं?"

मी आईकडं बगितलं. तिनं पदर सोडला न्हाय. पोरगी तिच्या कडंवर रडून रडून लाल झाली व्हती. त्या दोगींकडं बगत मी श्वास आत ओडला आन् त्यो जागच्या जागीच अडकला. व्हट गार पडलं. मला कळलं, आता एक शब्द बोलायपुरतं वारं हाय, दोन शब्दाचं न्हाय. बोलले तर सासरी कोन ठिवनार. न्हाय बोलले तर पोरीला कोन पाजनार.

मी म्हनले, "व्हता."

आत्याबाईंनी मान वळवून माज्याकडं बगितलं. तसलं बगनं मी परत कदी बगितलं न्हाय. तवा कुटं आईनं पदर सोडला आन् म्हनली, "तिनं मासा गिळलाय वो, सायेब."

डाक्टर घाबरलं. बिचारा पुन्याकडचा, त्येला काय म्हाईत. त्येला वाटलं माज्या घशात काटा अडकलाय. माजं तोंड उगडून बत्ती मारून बगायला लागला. नर्सबाई तेलुगूच व्हत्या. त्येंना हसू आलं आन् रडू बी आलं, दोनी संगंच. त्येंनी दोन वाक्यात समजावलं, मृगातला मासा, दम्याचं औषीद, लहानपनीचं. डाक्टरांनी बत्ती विझवली. मासा कुनी गिळला त्येचं त्येंना काय नव्हतं. ते म्हनले, "शिट्टी वाजते ना? मग दमा आहे. ही सुई आता हिला परत द्यायची नाही."

नाकावर हवेचा मुखवटा लावला. तरी दम घुटतच व्हता. मला नंतर कळलं की डाक्टर तवा कात्रीत सापडला व्हता. दमा उतरवायच्या सुईनं काळीज आनखी पळतं. काळीज उतरवायच्या सुईनं दमा आनखी आवळतो. म्हंजी आदी पळनं थांबवायचं, आन् तेबी सुई न देता. त्येंनी परत माज्या गळ्यावर बोटं ठिवली. ह्या बारीला जरा जोरात. डोळं कागदाच्या पट्टीवर. नर्सबाई माजं डोकं धरून व्हत्या.

आमच्या गल्लीत लाईट गेली की काय व्हतं ते सोलापूरकराला सांगाय नगं. समदं माग खटखट खटखट चाललेलं आसत्यात, कान त्येला मेलेलं आसत्यात, आन् लाईट गेली की एका दमात समदी गल्ली गप. तवा कळतं किती आवाज व्हता. माज्या छातीत तसंच झालं. थांबलं. मला वाटलं मी मेले. मग एक ठोका पडला. मग दुसरा, सावकाश. आयुष्यात पयल्यांदा मी माजं काळीज नीट चालताना ऐकलं आसंल.

डाक्टर कुनाला तरी म्हनले, आधी गेलं तेवढ्या औषधानं पण हात दिला बघा. मग दम्याची सुई दिली. तीबी तशीच, मुंगीच्या चालीनं. शिट्टी लगीच गेली न्हाय. पर श्वास भाईर जायला लागला. आत येतुया ते चांगलंच, पर भाईर जातुया ह्येचं सुक ज्येला कळलं त्येला कळलं.

नर्सबाईंनी पोरगीला माज्या कुशीत ठिवलं. डाक्टरांनी इचार करून पाजायला परवानगी दिली, त्येला जरा येळ लागला. तवर भाईर आत्याबाईंचा आवाज चढला व्हता. भित पातळ, समदं ऐकू येत व्हतं.

"इहीनबाई, येवढी गोष्ट पोटात ठिवून आमच्या पंगतीला बसला व्हय तुमी?" मग आनखी मोट्यानं, "पोरगी दिलीया का लोहाराचा भाता दिलाय आमाला?"

आईनं काय तरी पुटपुटलं. आत्याबाई म्हनल्या, "मासा गिळला म्हनं. माशालाच इचारायला पायजे व्हतं मग, सोयरीक ठरवताना."

तितनं जाताना एक म्हातारबा हसला. मला हसू आलं न्हाय. मी पोरगीचा पाय मुठीत धरून पडले व्हते आन् मनात म्हनत व्हते, ही मला ठिवून घ्यायला द्या, बाकीचं समदं न्या.

दुसऱ्या दिशी डाक्टर खाटंवर बसून सावकाश बोलले. मी तिसरीपतूर शिकलेली, म्हनून त्येंनी टांग्याचं उदारन दिलं. म्हनले, ही सुई म्हणजे लगाम. काळजाचं घोडं उधळलं की ओढायचा. पण दमा असलेल्याच्या छातीत तोच लगाम श्वासाच्या नळ्यांनाही आवळतो. म्हणून आधी विचारतो. म्हणून थेंबाथेंबानं देतो, नाडीवर हात ठेवून, पट्टीवर डोळा ठेवून, रक्ताचा जोर परत परत बघून. नाडी आधीच हळू असली तर देत नाही, जोर उतरलेला असला तर देत नाही. काल सगळी सुई एका दमात टोचली असती तर आज मी तुमच्याशी बोलत बसलो नसतो.

मी म्हनले, म्हंजी ती सुई वाईट. ते न्हाय म्हनले. बाजूच्या खाटंवर एक जाडजूड बाई व्हती, बार्शीकडची. तिचं बी काळीज उधळलं व्हतं. तिला तीच सुई दिली व्हती, तसंच इचारून, तसंच हळू. तिला दमा नव्हता. ती मांडीवर ताटली घेऊन पोहं खात व्हती आन् माज्याकडं बगून म्हनली, "मला तर बाई साकरंवानी लागली." सुई तीच. मानूस निराळा.

डाक्टर उठताना म्हनले, "यापुढं कुठंही, कुणीही सुई हातात घेतली, की आधी तुम्ही बोलायचं. सासूनं नाही, आईनं नाही. तुम्ही. मला दमा आहे म्हणून." मी मान हलवली. ते म्हनले मान नको, बोलून दाखवा. मी आत्याबाईंकडं बगितलं. त्या खिडकीतनं भाईर बगत व्हत्या. मी म्हनले. पयल्यांदा आवाजच फुटला न्हाय. दुसऱ्यांदा फुटला. त्यो शब्द म्हनल्यावर काय झालं न्हाय. छत पडलं न्हाय, शिट्टी बी वाजली न्हाय.

आत्याबाईंना त्येंनी येगळं सांगितलं. ही काय काम करती ते इचारलं. इड्या म्हनल्यावर त्येंनी कपाळावर हात मारला. तंबाकूचा भुगा बंद, म्हनले. आमच्या घरात दोगींनी वळल्या तरच भागायचं. मला कळत व्हतं आत्याबाई काय मोजत आसतील.

घरी सोडायच्या दिशी आई सकाळीच आली. येताना गाठोडं घेऊन आली. त्यात माजं लुगडं, पोरगीचं कपडं, झबलं. आत्याबाईंनी सांगितलं नव्हतं, तिनं आपनहूनच आनलं व्हतं. मला म्हनली, चल, थोडं दिस चल. तिचं डोळं माज्याकडं न्हवतं. थोडं दिस म्हंजी किती, ते आमा दोगींना म्हाईत व्हतं.

दवाखान्याच्या दाराशी टांगा उबा व्हता. मालक घोड्याजवळ उबं, त्या येळी त्येंनी तोंड उगडायला पायजे व्हतं, पर ते आपल्या आईच्या म्होरं बोलनारं गडी न्हवतं. आत्याबाई आल्या. आईच्या कडंवरनं पोरगीला घेतलं. मला त्या गल्लीतल्या सुनंचं लेकरू आठवलं.

आत्याबाई पोरगीला घेऊन टांग्यात बसल्या. पदर सावरला. मग माज्याकडं बगितलं, तितंच उबी हाय का म्हनल्यागत.

"चल की ए भाता. पानं भिजत घातल्यात म्या."

मला कळलं न्हाय. त्या म्हनल्या, "पानाला काय भुगा आसतुया व्हय? तू काप. तंबाकू मी भरती, भाईर वट्यावर बसून."

आईच्या हातातलं गाठोडं मालकांनी घेतलं आन् टांग्यात ठिवलं. आई तितंच उबी ऱ्हायली. टांगा हलल्यावर आत्याबाई मागं वळून म्हनल्या, "इहीनबाई, आयतवारी या जेवायला. येताना मासा आनू नगा." आई रडता रडता हसली. मी तर टांग्याची दांडी धरून आसली रडले की पोरगी माज्याकडं बगून गप झाली.

तवापासनं सुपली वट्यावर गेली. पावसात आत्याबाई पोतं पांघरून बसत्यात पर भुगा घरात आनत न्हाईत. मला अजून भाता म्हनत्यात. शेजारनी म्हनत्यात, हाक मारायची काय ही रीत. मला चालती. काळीज अजून कदीमदी पळतं. डाक्टरांनी शिकवल्यापरमानं मी गार पान्यात तोंड बुडवते आन् बऱ्याच येळा थांबतं. न्हायच थांबलं तर सरळ दवाखाना. शिट्टी वाजली तर त्येचं औषीद येगळं हाय, ते फळीवर आसतंय, आत्याबाईंना बी म्हाईत हाय कुटलं ते. मदी दात काडायला गेले तर कंपौंडरनं सुई हातात घ्यायच्या आदीच मी म्हनले, मला दमा हाय, काळजाची ती सुई चालत न्हाय. त्यो म्हनला, बाई, ही तर दाताची हाय. मी म्हनले, आसू दे, सांगून ठिवलं.

पोरगी आता पळती. तिच्या छातीला मातर मी कान लावून ऐकते, निजल्यावर. अजून काय वाजत न्हाय.

आई आयतवारी येती. दोगी इहिनी वट्यावर बसून इड्या वळत्यात. आईला म्या अजून इचारलं न्हाय. डाक्टरांनी पयल्यांदा इचारलं तवा ती दाराशी गप का ऱ्हायली. मासा गिळल्यावर गेला आसं तिला खरंच वाटत व्हतं, का नाव घेतलं तर परत येईल म्हनून भ्याली, का माजं घर मोडंल म्हनून पदर दातात धरला. मला वाटतं समदंच आसंल. तिच्यावर राग धरायला मी लई येळा बसले, पर राग येत न्हाय. कारन ती जागा लई अवगड व्हती. कडंवर नात रडतीया, बाजूला इहीन उबी हाय, म्होरं लेक खाटंवर, आन् डाक्टर सुई घेऊन इचारतुया.

तुमी तिच्या जागी आसता, तर बोलला आसता का?